प्रार्थना-वही वापरून पाहिली: भीतीची ओळ कामाची, उत्तराचा रकाना फसवा

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ही वही घ्यावी. सुरुवातीची प्रस्तावना वाचू नये, शेवटची ‘फाडून टाका’ पानं फाडू नयेत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी असलेल्या ‘उत्तर मिळाल्याची तारीख’ या रकान्यावर पहिल्याच दिवशी पेन्सिलीने आडवी रेघ मारावी. एवढं केल्यावर जे उरतं ते चांगलं आहे.

‘चिंता देवावर सोपवा’ अशा अर्थाचं काहीतरी मुखपृष्ठावर छापलेल्या वह्या आता बरेच ख्रिस्ती प्रकाशक काढतात. रंग बदलतो, फुलांची नक्षी बदलते, आतला आराखडा जवळपास तोच असतो. त्यामुळे माझ्याकडच्या वहीचं नाव लिहीत नाही. तक्रार आहे ती आराखड्याबद्दल, आणि कौतुकही त्याचंच.

मी लेखापरीक्षणाचं काम करते. काय काय चुकू शकतं याचा विचार करण्याचे मला पैसे मिळतात आणि तो विचार मी उत्तम करते. अडचण अशी की संध्याकाळी कार्यालय बंद होतं, डोकं बंद होत नाही. मुलाने फोन उचलला नाही की दुसरी रिंग संपेपर्यंत माझ्या मनात तो कुठल्यातरी दवाखान्यात पोचलेला असतो. ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ हे बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन मी लहानपणापासून ऐकत आलेय. मोठ्याने आमेन म्हणते, आणि उपासना संपली की पहिल्यांदा फोन बघते. टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं, कधी, कसं, हे सहसा कुणी सांगत नाही. वही निदान ते सांगायला बघते, म्हणून घेतली.

आराखडा असा. दिवसाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे वर ‘आज मनात काय आहे’ म्हणून एक चौकोन. त्याखाली फक्त एक ओळ आणि बारीक अक्षरात सूचना: ‘नेमकी भीती एका वाक्यात लिहा.’ मग उरलेलं पान उभं दुभागलेलं, एकीकडे ‘माझ्याकडे’, दुसरीकडे ‘प्रभूकडे’. उजव्या पानावर छापील वचन, प्रार्थना लिहायला रेघा, आभारासाठी थोडी जागा, आणि तळाला तो तारखेचा रकाना. दर सात दिवसांनी आठवड्याच्या आढाव्याचं एक पान. पानांवर तारखा छापलेल्या नाहीत, हे फार बरं. मध्ये चार दिवस लिहिलं नाही तरी कोरी पानं डोळे वटारत नाहीत.

ती एक ओळ म्हणजे अख्खी वही. बाकीचं सगळं तिच्याभोवतीचं कुंपण आहे असं समजा.

आईच्या छातीत गाठ लागली तेव्हाचं पान समोर ठेवून लिहिते. चौकोनात आहे: ‘आईचा बायॉप्सीचा रिपोर्ट, शुक्रवारी.’ खालच्या ओळीवर आधी लिहिलेलं खोडलेलं दिसतं, ‘कॅन्सर निघाला तर’. वाक्य तिथेच थांबलं होतं. कार्यालयात कुणी अशी अर्धवट नोंद माझ्यासमोर ठेवली असती तर मी ती परत पाठवली असती: ‘तर’च्या पुढे काय? म्हणून खोडून पुन्हा लिहिलं: ‘कॅन्सर निघाला तर सगळे निर्णय मला एकटीला घ्यावे लागतील, कारण दादा फोनच उचलत नाही.’ लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा समोर दोन वेगवेगळ्या भीत्या होत्या. एक गाठीची, एक दादाची. इतके दिवस मी दोन्ही एकत्र बांधून देवासमोर नेत होते आणि ‘प्रभू, आईला सांभाळ’ एवढंच म्हणत होते. दादाचा विषय प्रार्थनेत एकदाही निघाला नव्हता.

‘माझ्याकडे’ या बाजूला त्या दिवशी आलं: दादाला फोन, नाही उचलला तर वहिनीला, आईचे जुने कागद तारखेप्रमाणे लावणे, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढणे. ‘प्रभूकडे’ या बाजूला आलं: गाठ कसली आहे ते. बस. डोक्यात जे खोलीभर पसरलं होतं त्यातलं निव्वळ देवाच्याच हातातलं असं हे एकच होतं. बाकीची कामं होती, आणि कामांची भीती वाटत राहिली तरी ती करता येतात.

दादाने फोन उचलला नाही. वहिनीने उचलला. ‘वहिनी, दादा कुठे गायब झालाय?’ तर म्हणाली, ‘अगं इथेच बसलाय. तू रिपोर्टचं काहीतरी सांगशील म्हणून फोनकडे बघतच नाहीये दोन दिवस.’ म्हणजे घरात घाबरणारी मी एकटी नव्हतेच.

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘भावाला फोन कशाला करायचा गं, प्रभूला सांगायचं.’ मी म्हटलं, काकू, दोघांनाही सांगितलं. हा गैरसमज आपल्यात फार आहे, की सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांना शत्रूंच्या धमक्या येतात तेव्हा नहेम्याने काय केलं ते एकाच वचनात लिहिलंय: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. पहारेकरी नेमले म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असं तिथे कुणी म्हणत नाही. वहीतली ही दुभागणी नेमकी त्याच वचनाची मांडणी आहे, आणि गंमत म्हणजे वहीत कुठेही ते वचन छापलेलं नाही.

दुभागणीचा दुसरा फायदा असा की खोटं लिहिता येत नाही. मुलाच्या नोकरीबद्दल मी एकदा ‘माझ्याकडे’ खाली भराभर लिहीत गेले: त्याच्या अर्जाची भाषा तपासणे, त्याच्या मुलाखतीची तयारी करून घेणे, त्याला सकाळी उठवायला फोन करणे. पान भरलं. मग लक्षात आलं की यातलं एकही काम माझं नाही, सगळी त्याची आहेत. तिसरा रकाना हवा होता खरं तर: ‘दुसऱ्या माणसाकडे’. आयांसाठी तर हवाच. आता मी मधल्या उभ्या रेघेवर ते लिहिते, जागा अपुरी पडते तरी.

चौकोनाचा आकार छोटा आहे अशी तक्रार मी ऐकली आहे. मला तो छोटाच बरा वाटतो. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो आणि लगेच पुढे, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे असं म्हणतो. उद्या काही दुःख नसेल असं आश्वासन त्यात नाहीये. आजच्यापुरतं घ्या एवढंच आहे. निर्गमाच्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात, इस्राएल लोकांना रानात मान्ना हे देवाने दिलेलं अन्न मिळतं तेसुद्धा रोजच्या रोज गोळा करायचं. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचं सोडलं तर दुसऱ्या दिवसासाठी राखलेल्यात किडे पडले. या वहीत पुढच्या महिन्यासाठी पान नाही, पुढच्या वर्षासाठीही नाही. माझ्यासारख्या, तीन वर्षांपुढच्या संकटाचा ताळेबंद आज मांडणाऱ्या बाईला ही अडवणूक चांगली लागू पडली.

आता फाडायच्या पानांबद्दल. शेवटी एक जाड गठ्ठा आहे, कडेला टोचे मारलेला. चिंता लिहा, पान फाडा, चुरगाळा, टाकून द्या, म्हणजे सोपवलं. दिसायला मोठं छान दिसतं, आणि मला वाटतं वहीची निम्मी विक्री याच पानांवर होत असेल. मी फाडलं एक पान. हात मोकळा झाला, डोकं जिथल्या तिथे. शिवाय माझ्या पेशाचा भाग म्हणा, कागद नष्ट करून प्रश्न सुटल्याचं मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, याच्या बरोबर उलटं आहे. अश्शूराचा राजा सन्हेरीब याच्याकडून हिज्कीया राजाला धमकीचं पत्र येतं: तुझा देव तुला वाचवेल या भ्रमात राहू नकोस. हिज्कीया ते पत्र हातात घेतो, वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरासमोर पसरून ठेवतो. फाडत नाही, जाळत नाही. प्रार्थनेतही आकडे लपवत नाही. अश्शूरी राजांनी राष्ट्रं उजाड केली हे खरं आहे, असं तो देवालाच सांगतो. हे वाचल्यापासून मी आईचे रिपोर्ट प्रार्थनेच्या वेळी खरोखरच वहीवर उघडून ठेवते. कुणाला हसू आलं तर येऊ दे. टोचे मारलेल्या पानांवर मी डॉक्टरांचे प्रश्न लिहिते, ती पानं काढून बरोबर न्यायला सोयीची पडतात.

छापील वचनांची निवड ठीकठाक. अपेक्षित ती सगळी आहेत: स्तोत्र २३, स्तोत्र ५५ मधलं भार परमेश्वरावर टाकण्याचं, फिलिप्पैकरांस चौथा अध्याय, मत्तय सहावा. पण वचनं कापून दिली आहेत, आणि कापलेल्या कागदाची मला व्यावसायिक चीड आहे. यिर्मया २९:११ तीनदा आलंय, एकदा तर सोनेरी अक्षरात: तुमच्याविषयी जे संकल्प मी करत आहे ते हिताचे आहेत. सुंदर वचन. त्याच्या आधीचं, दहावं वचन मात्र कुठेच नाही, आणि त्यात लिहिलंय की बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर. हे पत्र यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलं होतं. ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. म्हणूनच पाचव्या वचनापासून त्यांना सांगितलंय: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला तर हा सगळा उतारा एकत्र वाचल्यावर जास्त धीर येतो. लवकर सुटका होईल या आशेवर ज्याने भरवसा ठेवला तो पुढच्या महिन्यात निराश होणार. इथे देव म्हणतो की लवकर होणार नाही, पण मी विसरलेलो नाही. त्या पानावर मी हाताने ‘पाहा वचन ५ ते १०’ असं लिहून ठेवलंय.

यापेक्षा गंभीर आक्षेप प्रस्तावनेला. तिथे ठळक अक्षरात छापलंय की चिंता म्हणजे अविश्वास आणि अविश्वास म्हणजे पाप. मला लिहिणाऱ्याचा हेतू कळतो. पण आधीच रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे वाचायला दिलं तर तो काय करेल? चिंता करतोय याची चिंता करेल. एका ओझ्याची दोन झाली.

आणि शास्त्र इतकं सरळसोट बोलत नाही. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं फिलिप्पैकरांना लिहिणारा प्रेषित पौल त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की मरणाच्या दारातून परत आलेल्या एपफ्रदीत या सहकाऱ्याला तुमच्याकडे लवकर पाठवतोय, म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, आपल्या हालअपेष्टांची यादी देऊन झाल्यावर तो म्हणतो की या सगळ्याखेरीज मला रोज सर्व मंडळ्यांची चिंता लागून असते. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू अति खिन्न झाला. मत्तयाने लिहिलंय की त्याने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. स्तोत्र १३ सुरू होतं ते ‘कोठवर’ या प्रश्नानेच, आणि दुसरं वचन संपेपर्यंत तो पुन्हा पुन्हा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही, तरीही ते देवाला उद्देशूनच आहे. ही दोन्ही स्तोत्रं वहीत नाहीत. असती तर प्रस्तावना छापायची सोय राहिली नसती.

याच विचाराची सावली आठवड्याच्या आढाव्यावर पडलीये. तिथला पहिला प्रश्न: ‘या आठवड्यात सोपवलेली कोणती चिंता तुम्ही परत घेतलीत?’ असा सूर आमच्याकडे नोटिशीत असतो. उत्तर दर वेळी तेच: सगळ्या. सकाळी सोपवली, दुपारी हातात, रात्री पुन्हा सोपवली. आधी मला वाटायचं की आपल्याला हे जमत नाही. आता वाटतं की जमणं म्हणजे हेच असावं. एकदा देऊन मोकळं होणाऱ्या माणसांच्या साक्षी ऐकायला चांगल्या असतात, पण मला भेटलेली बहुतेक माणसं रोज देणारी आहेत. प्रभूने तेच शब्द तीनदा म्हटले असतील तर माझ्या वहीत आईचं नाव पानोपानी आलं म्हणून बिघडलं कुठे? त्या प्रश्नाच्या जागी मी लिहिते, ‘या आठवड्यात काय काय पुन्हा दिलं’, आणि यादी करते.

आता तो तारखेचा रकाना. कल्पना वाईट नाही: मागाहून पानं चाळताना देवाने काय केलं ते दिसावं. पण व्यवहारात काय होतं ते सांगते. रकाना आहे म्हटल्यावर तो भरावासा वाटतो. मग माणूस अशाच गोष्टी मागायला लागतो ज्यांची तारीख लवकर पडेल. मी पाहिलंय, माझी पानं ‘आजची बैठक नीट होवो’ छापाच्या विनंत्यांनी भरत गेली आणि खरी जड ओझी आपोआप वहीबाहेर राहिली. लेखापरीक्षक म्हणून ही चाल मला चांगली ओळखीची आहे. ज्याचं मोजमाप होतं तेच दाखवलं जातं.

दुसरं असं की फिलिप्पैकरांस ४:६ आणि ७ कराराच्या कागदासारखं वाचून बघा. आपल्याकडून काय: प्रार्थना, विनंती, आभार, आणि मागणी कळवणं. देवाकडून काय: बुद्धीपलीकडची शांती, जी अंतःकरण आणि विचार राखेल. मागितलेलं मिळेलच असं या दोन वचनांत कुठेही नाही. हे कैदेत असलेल्या माणसाने लिहिलंय आणि त्याला सुटका होणार की मरण येणार हे माहीत नव्हतं. पहिल्या अध्यायात तो दोन्ही शक्यता मोकळेपणाने बोलून दाखवतो. म्हणजे रकाना हवाच असेल तर तो ‘आज मन राखलं गेलं का’ असा हवा. त्याची तारीख रोज टाकता येईल, आणि काही दिवस ‘नाही’ असंही लिहिता येईल.

प्रार्थनेच्या नोंदी ठेवण्याची गोष्ट निघाली की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं नाव निघतंच, आमच्या वहीतही त्यांच्यावर अर्धं पान आहे. १८३६ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी घर सुरू केलं. १८९८ मध्ये वारले तोवर दहा हजारांवर मुलांचा सांभाळ झाला होता. लोकांकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्यांचा नेम. वहीने एवढंच घेतलंय. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडतं ते वहीत नाही: ते हिशेब काटेकोर ठेवायचे आणि दरवर्षी छापून प्रसिद्ध करायचे. भरवसा देवावर आणि पावत्या जागेवर. शिवाय १८४४ च्या नोव्हेंबरात त्यांनी पाच माणसांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली होती. त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की पहिला दीड वर्षाने ख्रिस्ताकडे वळला, आणखी दोघे काही वर्षांनी, आणि छत्तीस वर्षांनंतरही उरलेले दोघे तसेच होते, प्रार्थना चालू होती. त्या दोघांच्या रकान्यात काय तारीख घालायची? असं रिकाम्या जागेसकट छापलं असतं तर ते अर्धं पान मी कापून भिंतीवर लावलं असतं.

आईच्या पानावर मी तारखेच्या जागी ‘दादा आला’ असं लिहिलंय. रिपोर्टबद्दल तिथे काहीच नाही. तो फार वाईट नव्हता आणि चांगलाही नव्हता, उपचार चालू आहेत.

आभाराच्या जागेबद्दल थोडक्यात: चांगली आहे, कारण लहान आहे. वाईट दिवशीही एखादी ओळ सुचते.

वही रात्री लिहावी की सकाळी? सूचनेत सकाळ दिलीये. मला रात्र मानवली. बेलर विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ मधला एक प्रयोग माझ्या वाचनात आला होता. झोपण्याआधी पाच मिनिटं एका गटाने पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, दुसऱ्याने झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान होता, सत्तावन्न तरुण मुलामुलींवर, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत. पण ‘माझ्याकडे’ या बाजूचा हिशेब त्याच्याशी जुळतो. ‘प्रभूकडे’ या बाजूचं काय होतं ते कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येईल असं मला वाटत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर तिथे लिहिलेल्या गोष्टीसाठी मध्यरात्री उठून काही शोधावंसं वाटत नाही. फोनवर रोगांची लक्षणं वाचत बसणं बरंच कमी झालंय.

कागद मध्यम. शाईचं पेन पलीकडे उमटतं, म्हणजे आजची चिंता उद्याच्या पानावर दिसते; प्रकाशकाने हे जाणूनबुजून केलं नसावं. बॉलपेन वापरा. शिवण पक्की आहे, पान उघडलं की सपाट राहतं. खुणेची फीत लवकर विसविसते, टोकाला गाठ मारून टाका.

याच धर्तीची मोबाइल अ‍ॅपही आहेत. एक वापरून पाहिलं आणि काढून टाकलं. दुपारी भर कामात ‘तुम्ही आज चिंता सोडली का?’ असं फोन थरथरून विचारू लागला तर जी नव्हती तीही येते. शिवाय देवाला सांगितलेलं कुठे साठतं, कोण वाचतं, याची अटी-शर्तींमधली वाक्यं मी वाचली. वही कपाटात राहते, एवढं मला पुरे.

गटात वापरत असाल तर एक विनंती. आमच्या अभ्यासगटात सुरुवातीला प्रत्येकीने आपलं पान वाचून दाखवायचं ठरलं होतं. परिणाम असा की सगळ्या जणी वाचून दाखवण्याजोग्या चिंता लिहायला लागल्या. एका बहिणीच्या प्रत्येक पानावर ‘सर्व काही सुरळीत होवो’. तिच्या घरी काय चाललं होतं ते आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. आता पानं कुणी वाचत नाही. ज्याला हवं तो ‘माझ्याकडे’ या बाजूचं एखादं काम सांगतो आणि बाकीचे मदत करतात. दवाखान्यात सोबत जाणं, मुलांना दोन तास सांभाळणं, अर्ज भरून देणं. गट त्यासाठीच बरा.

वहीत एक गोष्ट अजिबात नाही आणि ती पहिल्या पानावर हवी होती. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, छाती धडधडते, श्वास कोंडतो, रोजची कामं उरकत नाहीत, किंवा जगणंच नको वाटतं, अशा माणसाने वही भरत बसू नये, डॉक्टरांकडे जावं, आणि शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी. गोळ्या घेतल्या म्हणून विश्वास उणा होत नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, ‘चिंता पाप आहे’ असंही म्हणत नाही. उठवून भाकर आणि पाणी देतो, तो परत झोपतो, आणि मग पुन्हा एकदा उठवून तेच. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर, पुष्कळ चालून गेल्यावर.

भेट म्हणून कुणाला द्यावी? नवीन आई-बाप झालेल्यांना, परीक्षेला बसणाऱ्याला, कामाच्या धबडग्यात सापडलेल्याला जरूर. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झालाय त्याला देऊ नका, निदान लगेच तरी. त्या घरात जेवण घेऊन जा. आणि ज्याला कुणाला द्याल, त्याला तारखेच्या रकान्यावर रेघ मारूनच द्या.